हंड्याची गिटार

दार लोटून घ्या रे. आणि आत नळ नीट बंद आहे का, तेवढं कुणीतरी बघून या. बघितलं? मग बसा.

आपल्या समोरच्या दारातल्या जयवंत परबाची ही गोष्ट. लिफ्टमध्ये भेटतो ना तुम्हाला, काखेत कायम काहीतरी चादरीत गुंडाळलेलं असतं, तोच. गेल्या वर्षीची कार्तिकातली अमावास्या. उजाडलं की देवदिवाळी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जयवंत खाली गाळ्यांच्या गल्लीत गेला. निकेल चढवायला टाकलेली गिटार आणायची होती. एवढंच काम.

गिटार म्हणजे पोरं गळ्यात अडकवून नाचतात ती नव्हे. ही सगळी धातूची. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. मग सूर पायऱ्या चढत नाही, घसरत घसरत वर जातो. गळा दाटून आलेलं माणूस बोलतं ना, तसा. पूर्वी ऑर्केस्ट्रात असायची ही. जयवंतचा बाप गिरणीत पत्रेकाम करायचा, त्याचा हात जयवंतकडे आला. जुन्या घाटाच्या गिटारी तो एकटा ठोकून करायचा, वर्षाला चार, फार तर पाच. कारखान्यातली गिटार आरशासारखी चकचकीत, पण तार सोडली की आवाज जागच्या जागी मेला. जयवंतच्या गिटारीवर हातोडीचे ठोके दिसायचे, आणि हात उचलला तरी ती आतल्या आत घुमत राहायची. त्या घुमण्यासाठी लोक आठ-आठ महिने थांबायचे.

गिटार झाली की नाही, हे मात्र ठरवायची त्याची बायको, रत्नप्रभा. सुरातलं तिला ओ की ठो कळत नसे. भाकरी थापता थापता आतून ओरडायची, "अजून भरूक नाय!" की हा पुन्हा खोलायला बसला. ती "झाला" म्हणाली, की मगच गिटार पुरी. एकदा चिडून म्हणाला, "अगो, भरूक नाय म्हंजे काय? बालदी आसा काय ती?"

तर म्हणाली, "हंडो भरत इलो की कसो आवाज चढता? तसो चढाक व्हयो."

तो आवाज तिला पाठ होता. चाळ पाडली आणि आम्ही सगळ्यांनी ट्रान्झिट कॅम्पात अकरा वर्षं काढली. तिथं पाणी यायचं पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. माहेरचा पितळी हंडा घेऊन रत्नप्रभा रांगेत पहिली. नळाच्या तोंडाला आधी फडकं बांधायची, दोन गाठी मारून, टोक आत खोचून. मग तळाशी घळघळ... आणि भरत जाईल तसा आवाज बारीक होत वर चढायचा. काठाला चार बोटं उरली की नळ बंद. चढणीवर सांडू नये म्हणून. असे सात हंडे, रोज.

तिचं मागणं एकच होतं, घरात नळ. नव्या घरात पाऊल टाकताना नेसायला म्हणून हिरवी साडी घेऊन ठेवली होती, मोहरीच्या रंगाच्या काठांची. मधूनच पेटीतून काढायची, मला दाखवायची, परत ठेवायची. "विमलावयनी, घडी मोडूची नाय हां."

चाव्या मिळाल्या दसऱ्याला. ती श्रावणातच गेली. त्याच साडीत नेली तिला. मीच नेसवली, घडी मोडून.

नव्या घरात चोवीस तास पाणी. हंडा गॅलरीत पडून. आणि जयवंतच्या हातून एकही गिटार पुरी होईना. ठोकायचा, तारा चढवायचा, वाजवायचा, आणि कान स्वयंपाकघराकडे. कोण बोलणार?

मुलुंडला देवदत्त साबळे म्हणून एक म्हातारे होते, एकेकाळी ऑर्केस्ट्रात वाजवलेले. त्यांची गिटार बाकी होती. शुक्रवारी त्यांच्या हाताचं ऑपरेशन. त्यांचा फोन यायचा, "जयवंतराव, एकदा वाजवू द्या हो. नंतर बोटं माझी राहतील की नाही, कोण जाणे." गुरुवारी सकाळी देतो, असा शब्द देऊन बसला होता हा. तीन वेळा पत्रा बदलला. गिटार मुकीच. शेवटी एका दुपारी त्यानं हंडा घेतला, उभा कापला, भट्टीत लाल केला, सपाट ठोकला आणि गिटारीची पाठ केली.

बुधवारी संध्याकाळी तीच निकेल चढवलेली गिटार घेऊन घरी आला, तर लेक आलेली, जान्हवी, वाकोल्याहून, देवदिवाळीला. गॅलरीत उभी.

"बाबा, आईचा हंडा कुठंय?"

जयवंतनं चादर सोडली. गिटार पालथी करून पाठ दाखवली.

"कापलास? बाबा, आईचा हंडा कापलास तू?"

"पडूनच होता गं. नळ आहे ना आता घरात."

"नळ आहे. भरणारी कुठंय?" एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली. जेवली नाही.

जयवंत तारा चढवत बसला. अकरापर्यंत वाजवली. एक सूर भरेना. हंडाही गेला होता आणि आवाजही आला नव्हता. सकाळी साबळ्यांना काय सांगायचं? जान्हवीला काय सांगायचं? गिटार टेबलावर आडवी ठेवली, कांडी बाजूला ठेवली, आणि खुर्चीत तसाच बसला. तिथंच डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं.

घळघळ... घळघळ...

कुणाची तरी बालदी भरतेय, असं वाटलं त्याला. घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. आपल्या इमारतीत चार-दहाला कोण पाणी भरतं?

आवाज टेबलावरून येत होता.

तारा हलत नव्हत्या. कांडी होती तिथंच होती. त्यानं गिटारीवर तळवा ठेवला. गार. भरत्या हंड्यासारखी गार... आणि दमट. आवाज बारीक होत होता. चढत होता. चढत होता... आणि एकदम थांबला. चार बोटं कमी.

"आजी, लाइट लावू?"

राहू दे निहार. थोडंच उरलंय.

जयवंत श्वास धरून बसला. आता ती म्हणेल, झाला. म्हणेल...

पुन्हा तळापासून घळघळ.

दुसरा हंडा. मग तिसरा. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ही रात्र पहिली नव्हती. श्रावणापासून ती रोज भरत असणार. तिथंच, कॅम्पातल्या नळावर. अंधारात. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"रत्ना..."

आवाज चालूच.

"अगो... भरू नको आता. नळ घरात इलोहा. चोवीस तास पाणी आसा." त्यानं दुसरा हातही गिटारीवर ठेवला. "हंडो मी कापलंय गो. तू अजून भरतंस, ता माका म्हायत नव्हता..."

आवाज थांबला. अर्ध्यावर.

काहीच नाही.

काहीच नाही...

मग स्वयंपाकघरात नळ कुरकुरला. पाणी पडलं. बंद झालं. पुन्हा पडलं. बंद. कुणी पहिल्यांदाच सोडून बघावा, तसा.

जयवंत उठला नाही. "का रे उठला नाहीस?" मी नंतर विचारलं त्याला. म्हणाला, "वयनी, उठलो असतो तर गेली असती."

उजाडल्यावर त्यानं गिटार मांडीवर घेतली. कांडी सरकवली. सूर तळाशी भरला, वर चढला, चढत गेला, आणि माथ्याच्या जरा अलीकडे त्याचा हात आपोआप थांबला. खोली घुमत राहिली. जान्हवी दारात येऊन उभी होती. कधी आली, त्याला कळलं नाही. तिनं येऊन गिटारीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तसाच ठेवला, आवाज पूर्ण विरेपर्यंत.

"झाला," जयवंत म्हणाला. त्याचं त्यालाच म्हणावं लागलं.

नऊला तो मुलुंडला गिटार देऊन आला. साबळे त्या दिवशी रात्रीपर्यंत वाजवत होते म्हणे, शेजाऱ्यांनीही हूं की चूं केलं नाही. पण मी सांगतेय ते त्याच्या आधीचं, साडेसहाचं. जान्हवी चहा ठेवायला आत गेली, आणि माझं दार धडाधडा वाजलं. उघडलं, तर पोरगी पांढरीफटक.

"विमलाकाकू... तुम्ही बघा. तुम्हीच बघा."

मी गेले. जयवंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भिंतीला धरून उभा होता.

नव्या नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. दोन गाठी. टोक आत खोचलेलं.

हिरवं. काठ मोहरीच्या रंगाचा.

ओलं होतं.