बोट टेकण्याआधी

मिर्याम आणि लोरेन्झ पहिल्यांदा भेटले ते मानहाइमच्या एका ट्राम थांब्यावर, तिकिटाच्या मशीनपाशी, नोव्हेंबरच्या पावसात. मशीन तिचं अजिबात ऐकत नव्हतं. काचेवर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला ते बोट समजत होतं. ती एका माणसाचं तिकीट मागायची आणि मशीन अख्ख्या कुटुंबाचं पुढे करायचं.

"लग्न झालंय का तुमचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही."

"मग मशीन फारच घाई करतंय."

तिने वळून पाहिलं. चष्म्यावर पाणी, केस कपाळाला चिकटलेले... एक उंच तरुण हसू दाबत उभा होता.

"कुठल्या गाढवाने बनवलंय हे?" तो म्हणाला.

"माझ्या भावाने," मिर्याम म्हणाली. "आणि थोडंसं मी."

त्याचा चेहरा असा पडला की तिलाच हसू आलं. मशीनच्या खालच्या पट्टीवर 'डोर्नबाख' असं नाव होतं. तिच्या वडिलांनी काढलेला छोटासा कारखाना, आता भाऊ अन्सगार चालवायचा. गाढव म्हणवून घेणं त्याच्या वाट्याला पावसाळी दिवसांत नेहमीच यायचं.

"माफी म्हणून एक गंमत दाखवू?" त्याने कोटाच्या खिशातून तारा लोंबणारी काचेची पाटी काढली. पावसात धरली. थेंब टपटपत राहिले, काच ढिम्म. मग त्याने तिचं बोट धरलं — अगदी सहज, विचारल्याशिवाय — आणि काचेजवळ नेलं.

"बोट टेकण्याआधी घुटमळतं. किंचित थरथरतं. थेंब कुठला घुटमळायला... तो सरळ येऊन आदळतो. काचेला एवढाच फरक शिकवलाय मी."

तिचं बोट थरथरलं. गरजेपेक्षा जरा जास्तच. काच उजळली.

"कळलं हिला," तो म्हणाला.

"काय कळलं?"

"बोट आहे ते."

दोन ट्राम निघून गेल्या. काच कशी शिकते ते त्याने सगळं सांगितलं, आणि मग भर थंडीत दोघांनी स्पॅगेटी आइस्क्रीम, शेवयांसारखं दिसणारं मानहाइमचं खास आइस्क्रीम, खाल्लं. "याचं पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणून गावोगाव मिळतं," तो म्हणाला. घरी जाताना मिर्यामने ठरवून टाकलं होतं, की हा माणूस आपला आहे. आणि काचेची गोष्ट तिने त्या रात्री अन्सगारला सांगितली नाही. नंतरही बरेच दिवस नाही. कुणीतरी आपल्या एकटीच्या हातात काही ठेवावं, तसं तिला वाटलं होतं.

त्याच महिन्याच्या अखेरीला लोरेन्झ जिथे नोकरीला होता त्या कंपनीने त्या काचेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

पुढची दोन वर्षं सुखाची गेली, आणि सुखाच्या दिवसांत माणसं कागद करत नाहीत. डोर्नबाखच्या नव्या मशीनमध्ये ती युक्ती बसवताना लोरेन्झ स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून मदत करायचा. "आमच्या साहेबांना तिकिटाच्या मशीनचं काय पडलंय," असं म्हणायचा. खरंच काही पडलं नव्हतं. मग कंपनी विकली गेली, आणि नव्या मालकांना सगळ्याचंच पडलं होतं. पेटंटची नक्कल केली म्हणून त्यांनी डोर्नबाखवर मानहाइमच्या कोर्टात दावा लावला आणि अमेरिकेतही लावला. पेटंटवर शोधकर्ता म्हणून नाव लोरेन्झ आखेनबाखचं. वकिलांनी दोघांना बजावलं, एकमेकांशी बोलायचं नाही. त्याने नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही. मिर्यामने त्याचं नाव घरात घेणं बंद केलं.

जर्मनीत नक्कल झाली की नाही हे एक कोर्ट ठरवतं, आणि मुळात पेटंट खरं की नाही हे दुसरं कोर्ट, म्युनिकला, सवडीने. मानहाइमने मनाई हुकूम काढला. मशीन विकणं बंद. "आधी फाशी, मग चौकशी," अन्सगार म्हणाला, आणि त्यानंतर तो फारसं बोलेनासाच झाला. कामगार एकेक करून गेले. तयार मशीन भंगारात निघाली. आता उरलं होतं ते म्युनिक. तिथे पेटंट रद्द झालं तर अर्धा कारखाना तरी वाचेल, नाही तर कुलूप.

त्यांच्या वकीलबाई झाइडेल यांनी तिला समोर बसवून समजावलं.

"अर्जाच्या आधी शोध एका जरी परक्या माणसाला सांगितला असेल, तर तो नवा राहत नाही. पेटंट जातं. पण ज्याला सांगितलं तो माणूस आपला असेल, गुपित ठेवेल असं दोघांनाही कळत असेल, तर सांगितलं नाही असंच कोर्ट धरतं. तेव्हा प्रश्न एकच आहे. त्या संध्याकाळी तुम्ही त्याच्या कोण होता?"

"आणि अमेरिकेत?"

"तिकडे शोधकर्त्याने स्वतःच आधी दाखवलं तर वर्षभर माफ असतं. तो दावा आपण हरल्यातच जमा आहे. आपली आशा इथेच."

"आमची पहिलीच भेट होती ती."

"मग तुम्ही परक्याच होता."

झाइडेलबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातला.

म्युनिकच्या कोर्टात साक्षीदार बाहेर बाकावर बसवतात. लोरेन्झची साक्ष आधी झाली. तो बाहेर आला तेव्हा किती वाळलाय हे तिला दिसलं. तिच्यासमोरून जाताना त्याची पावलं मंदावली... आणि तो जमिनीकडे बघत पुढे गेला. तो आत काय बोलला हे तिला माहीत नव्हतं. पगार देणाऱ्या कंपनीला हवं तेच बोलला असणार, असं ती धरून चालली होती.

न्यायाधीश पिकल्या केसांच्या, शांत आवाजाच्या बाई होत्या.

"आखेनबाख तुमचे कोण होते, त्या वेळी?"

"कुणी नाही."

कंपनीचे वकील उठले. "परक्या बाईचं बोट असं कुणी हातात घेतं का, मॅडम?"

"मशीनपाशी जो कुणी उभा असता, त्याचं घेतलं असतं त्याने."

न्यायाधीशबाईंनी समोरचा कागद पाहिला. "आखेनबाख यांनी अगदी हेच सांगितलं. जो कुणी उभा असता, त्याला दाखवलं असतं."

मिर्यामला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने स्वतःचं पेटंट स्वतः बुडवलं होतं. तिच्यासाठी. आणि तरी त्या शब्दांनी तिच्या छातीत कळ आली. जो कुणी उभा असता.

"शेवटचा प्रश्न," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "हे आपल्यापुरतंच ठेवावं, असं तुम्हाला वाटलं होतं का? विचार करून, खरं सांगा."

तिने हात टेबलाखाली घेतले, कारण बोटं थरथरत होती. मागच्या रांगेत अन्सगार बसला होता. वडिलांच्या अंत्यविधीला घेतलेला सूट त्याला आता ढगळ व्हायला लागला होता. त्या रात्रीचा घराकडचा रस्ता तिला आठवला, ओठ मिटून चालताना वाटलेला आनंद आठवला.

"नाही," ती म्हणाली.

दुपारी निकाल लागला. पेटंट रद्द. अन्सगार उठलाच नाही, तोंड ओंजळीत धरून बसून राहिला. झाइडेलबाईंनी मिर्यामला बाजूला घेतलं. "ते वरच्या कोर्टात जातील, कार्ल्सरूहेला. दोन-तीन वर्षं चालेल. तोवर तुम्ही दोघं एकत्र दिसलात, तर आजची साक्ष कुणी खरी मानणार नाही. कळतंय ना?"

कळत होतं. भावाला बाईंच्या गाडीत बसवून ती एकटी बसच्या थांब्यावर आली, तर तिथे लोरेन्झ उभा होता. कोर्टाच्या फाटकाशी कंपनीचे दोन वकील सिगारेट ओढत होते. भुरभुर सुरू झाली होती. ती त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिली.

तो वेळापत्रकाकडे बघत म्हणाला, "छत्री आहे का तुमच्याकडे?"

"परक्यांना नाही देत मी."

"योग्यच आहे."



"नोकरी गेली असेल तुमची," ती म्हणाली.

"जेवणाच्या सुट्टीतच गेली. दोन वर्षांपूर्वीच जायला हवी होती... तेव्हा भ्यालो मी. उत्तरेला कीलला निघालोय, थोरल्या बहिणीकडे. तिकडे कुणी ओळखत नाही." त्याचा आवाज खाली आला. "परक्या माणसाला सांगितलं की ते जगजाहीर होतं. आजच ठरलं ना तसं?"

"हो."

"मग तुम्ही परक्या आहात म्हणून सांगतो. एका थांब्यावर एक मुलगी होती. 'थोडंसं मी' असं म्हणाली, तेव्हाच माझं प्रेम जडलं तिच्यावर. तिचं बोट मी काचेसाठी धरलं नव्हतं. दुसरं कुणी उभं असतं, तर पाटी खिशातून काढलीही नसती. आत मी खोटं बोललो."

मिर्यामला त्याच्याकडे बघायचं होतं. फाटकाशी उभे असलेले दोघे इकडेच बघत होते. ती रस्त्याकडे बघत राहिली, आणि वळणावर बस दिसली.

"मी हे कुणालाही सांगणार नाही," ती म्हणाली.

दिवसभर कोर्टात याच एका वाक्याचा शोध चालला होता. लोरेन्झने चष्मा काढला आणि बाहीने पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

बस थांबली. दाराचं बटण काचेचं होतं, पावसाने ओलं झालेलं. मिर्यामने हात पुढे केला. बोट बटणाजवळ जाऊन घुटमळलं, थरथरलं, आणि लोरेन्झने ते पाहिलं. मग दार उघडलं आणि ती एकटीच आत चढली.