चुड्याचा हात

ज्योत्स्ना गाईड झाली ती कुठल्या शाळेत शिकून नव्हे. सासूबरोबर गोदाघाटावर फुलं विकता विकता, तोंडाच्या जोरावर झाली. दोन हजार तीनचा कुंभमेळा भरला, माणसं लोटली, आणि टोपली सासूच्या पुढ्यात सारून ही यात्रेकरूंना जुनं नाशिक दाखवू लागली.

घाटाकडे उतरणाऱ्या बोळात एक सतीचा दगड आहे. कोपरातून वर उचललेला हात, मनगटात चुडा. सासू सुलाबाई टोपलीतलं पहिलं फूल रोज त्यालाच वाहायची. पण त्या सतीचं नावगाव कोणालाच ठाऊक नाही, आणि नुसतं 'सती' म्हटलं की लोक पुढे सरकायचे. मग ज्योत्स्नाने दिलं ठोकून, "ही चोरटी! देवीची नथ लांबवली, म्हणून हात तोडला हिचा."

लोक थांबले. हसले. एकाने चप्पल काढून त्या हातावर हाणली, आणि पुढे तशी रीतच पडली.

"अगं, मेलेल्या बाईला तरी सोड," सुलाबाई म्हणाली.

"तुमचं फूल बघायला कोण येतंय, आत्याबाई?"

एकदा दिवेलागणीला शेवटचा घोळका घेऊन ती बोळात शिरली. श्रावणाची ओल होती, तरी हवेत तुपाचा आणि जळक्या केसांचा वास. गोष्ट झाली, चपला वाजल्या, लोक घाटाकडे उतरले. मागे बांगड्या किणकिणल्या... डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई दगडाला टेकून उभी होती.

"ताई... नथ कुठं ठेवली गं मी?"

ज्योत्स्ना एक पाऊल मागे सरली.

"आगीत बांबूनं दाबून धरलं मला... पण चोर कोणी म्हटलं नव्हतं..."

ज्योत्स्नाने मान खाली घातली. वर पाहिलं तर बोळ रिकामा. दगडी हातावर चपलांचा चिखल तेवढा. पदराने पुसायला गेली, तर दगड तव्यासारखा तापलेला.

तेव्हापासून ती खरं तेच सांगते. "ही सती. हिचं नाव मला ठाऊक नाही." लोक जांभया देतात, निघतात.

आणि दर वेळी, सगळे पुढे गेल्यावर, मागून अगदी हळू आवाज येतो, "मग विचार ना..."

इतकी तोंडाळ बाई, पण अजून विचारलेलं नाही. मानच वर होत नाही.