काळ्या कुसळांचा गहू

कापणीच्या दिवसांत मशीनवाल्याचा डबा शेतावर पोचवायचं काम माझ्याकडे असे. त्या दिवशीही मी डबा भरला, चहाची किटली उचलली आणि निघता निघता आजोबांच्या खोलीत डोकावले. पेरणी उरकल्यावर त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. पाय गेले होते, पण कान शाबूत होते. लांबून कापणीच्या मशीनची घरघर येत होती आणि ते ती ऐकत पडले होते.

"टोकाची पट्टी सोडलीय ना त्यांनी?" त्यांनी विचारलं.

आमच्या शेताच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला, गव्हाची एक वेगळी पट्टी असायची. लांब, काळ्या कुसळांचा गहू. आजोबा तो स्वतःच्या हाताने पेरत आणि कुणालाही कापू देत नसत. बाकीचं पीक घरात आलं की एखाद्या सकाळी ती पट्टी कापलेली दिसे. बुडापासून, विळ्याने, एकसारखी. आजोबा कुणा गरजवंताला देत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

"नाही आजोबा. काका म्हणतात, या वर्षी तीही काढायची."

त्यांनी खाटेची कड थोपटली. "बस जरा."

आजोबा तरुणपणी फौजेत होते, एवढंच घरात ठाऊक होतं. लढाईचं विचारलं की ते आपल्या जुन्या बैलांचं कौतुक सांगायला लागायचे. त्या दुपारी ते छताकडे बघत पहिल्यांदा बोलले.

"हुकूम होता, शत्रूच्या हाती दाणा लागता कामा नये. उभी पिकं पेटवायची. मी शेतकऱ्याचा मुलगा... पण पेटवली. एका घरातून एक बाई विळा घेऊन धावत आली. वाचेल तेवढं कापून घ्यायला. मी ओरडलो, पण तिला माझी भाषा कुठली कळायला. ती जाळात शिरली... बाहेर आली नाही." त्यांनी ओठ ओले केले. "तिच्या दारावर बियाण्याच्या लोंब्यांची जुडी टांगलेली होती. ती मी काढून घेतली. इतकं चांगलं बी जळून जाईल, अशी मनाची समजूत घातली."

"मग?"

"इथे आणून पेरलं. पीक असं आलं की बघत राहावं. कापायला गेलो, तर ओढ्याच्या अंगाला ती उभी. विळा घेऊन. मी मान खाली घातली आणि कापत सुटलो. तुझी थोरली आत्या बांधावर खेळत होती. कापून झाल्यावर मागे पाहिलं..."

थोरली आत्या लहानपणी ओढ्यात वाहून गेली, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

"ओढ्याला तेव्हा पाणी नव्हतं, बाळ," आजोबा म्हणाले. "पुढच्या वर्षापासून ती पट्टी तिची. जा. तुझ्या काकाला म्हणावं, हात लावू नकोस."

मी डबा तिथेच टाकून धावले.

शेतात पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि मशीन बंद होतं. भुसा अजून हवेत तरंगत होता. मशीनवाला बांधावर बसला होता. मला बघून दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, त्या बाईंना बाजूला व्हायला सांगा ना. केव्हाचा हॉर्न वाजवतोय. हलतच नाहीत..."

पट्टीत कुणी नव्हतं. वारा पडला होता. सगळा गहू निश्चल उभा होता. फक्त मधोमध, एक माणूस उभं राहील एवढ्या जागेत, लोंब्या दोन्ही बाजूंना कललेल्या होत्या. आणि जळक्या पेंढ्याचा वास येत होता.

मी काकांना सगळं सांगितलं. काका स्वभावाने वाईट नव्हते, पण हट्टी. "बाबांना ताप चढला असेल," ते म्हणाले आणि स्वतःच मशीनवर चढले. पट्टी कापून झाली. काहीही झालं नाही.

घरी आल्यावर त्यांनी दारातूनच सांगितलं, "बाबा, कापली पट्टी. आभाळ काही कोसळलं नाही."

"पोरं सगळी घरात आहेत?" आजोबांनी विचारलं.

आईने एकेकाला हाक मारली. सगळी होती.

"मग ती अजून थांबली असेल," आजोबा स्वतःशीच म्हणाले. "मीच जातो."

काकांनी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. सकाळी खाट रिकामी होती. ज्या माणसाची कूस बदलायला दोघं लागत, तो शेताच्या टोकाला धसकटांत गुडघे टेकून बसलेला सापडला. अंग गार पडलेलं. तळहातांना ताजे फोड, दिवसभर विळा चालवल्यावर येतात तसे. विळा मात्र आसपास कुठेच नव्हता. काकांनी ते हात आपल्या हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. त्या पट्टीचा गहू त्यांनी त्याच दिवशी नेऊन तिथेच ओतला. त्यातला दाणाही उगवला नाही. पट्टी पडीक राहिली.

पुढच्या कापणीला मी माहेरी आले होते. लग्नाला थोडेच महिने झाले होते. दिवस गेलेत हे नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. काम आटोपून मशीनवाला आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबला. तांब्या खाली ठेवला, तरी जाईना.

"ताई, एक विचारू? त्या पडीक तुकड्यात तुमचे आजोबा होते. ती बाईपण होती. आणि एक लहान मुलगी... घराकडे तोंड करून सारखी हाका मारत होती. चिमे, खेळायला ये. चिमे, खेळायला ये." त्याने मान वर केली नाही. "चिमी कोण तुमच्यात?"

"कुणी नाही," मी म्हटलं. आणि खरंच कुणी नव्हतं.

मुलगी सासरी झाली. सासूबाईंना यातलं अक्षरही माहीत नाही. मी घरात कधी विषयच काढला नव्हता. तिचं नावही अजून ठरलेलं नव्हतं. त्यांनी तिला पहिल्यांदाच मांडीवर घेतलं, दुपट्याचं टोक बाजूला सारून निरखून पाहिलं आणि गालाला बोट लावत म्हणाल्या,

"आली गं बाई, आमची चिमी आली."