हरकत असल्यास फादरांना कळवावे

सॉफ्टवेअर कंपन्यांनो, तुम्ही खोटं बोललात. "जगात कुठेही बसून काम करा, लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की झालं," असं तुम्ही स्टेजवरून सांगितलंत, टाळ्या घेतल्यात, आणि मग सगळ्या ओळखी, सगळे मेळावे, सगळ्या चांगल्या नोकऱ्या अंधेरी, पवई नि बंगळुरूला नेऊन ठेवल्यात. नकाशा काढताना भाईंदरच्या खाडीपाशी तुमची पेन्सिल संपली. खाडीपलीकडे लाखो माणसं राहतात आणि त्यातली काही तुमचीच ॲप्स लिहितात, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. तरी तुमच्या वेबसाइटवर 'तुमचं शहर निवडा' म्हटल्यावर जी नावं खाली उघडत, त्यात वसई नव्हतं. इनेझ रुमावने शेवटी 'इतर' निवडलं.

'इतर'ला उत्तर आलं. तुमच्या भागात कार्यक्रम झाल्यास कळवू. त्याला दोन वर्षं झाली.

इनेझ गिरीजची. घरामागे केळीची वाडी, वाडीच्या कडेला एक खोली, खोलीत टेबल आणि त्यावर दोन स्क्रीन. बंगळुरूच्या एका कंपनीसाठी ती दवाखान्यांचं सॉफ्टवेअर लिहायची. तिची आई सालोमी शेजारणींना सांगे, "आमची बाय कम्प्युटरशी बोलते, माणसांशी नाय." त्यात खोटं काही नव्हतं. बोलायला माणसं होती कुठे? अंधेरीच्या मेळाव्यांना ती जाऊन आली होती. तिथे भाषणं संपेपर्यंत सगळे गप्प असतात. खरी ओळखपाळख पिझ्झा आल्यावर होते, आणि पिझ्झा यायच्या वेळी हिला लोकल गाठायला निघावं लागायचं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी गिरीजची वीज गेली. इनेझची मीटिंग दहा मिनिटांवर होती. तिने स्कूटर काढली आणि ऑस्करची बेकरी गाठली, कारण ऑस्करने केकच्या फ्रीजसाठी मोठा इन्व्हर्टर बसवला होता. आत पावाचा गरम वास होता, पंखा फिरत होता, आणि प्लग एकच होता. त्यात एका अनोळखी माणसाचा चार्जर होता.

"किती टक्के झालंय?" तिने विचारलं.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "एकाहत्तर."

"माझं चार आहे."

"मग जरा लवकर यायचं होतं."

इनेझने त्याचा चार्जर काढला आणि आपला लावला. तो बघत राहिला. चिडायचं की हसायचं, हे त्याचं ठरेना… तोवर तिची मीटिंग सुरू झाली. ती कुणाला तरी इंग्रजीत झापत होती – नवं काही चढवू नका, आधी सर्व्हर उभा करा. मीटिंग संपली तेव्हा तो माणूस खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड करून बसला होता.

"डेटाबेस कुठला वापरता?"

वसईत अनोळखी मुलीला पहिला प्रश्न असतो, कुठल्या गावची, कुणाची. डेटाबेसचा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने उत्तर दिलं, आणि नंतर स्कूटरवरून घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की त्या एका उत्तराला पाऊण तास लागला होता.

तो जयवंत मेहेर. अर्नाळ्याचा. बापाची बोट, आई विमला मासळी विकायला विरारच्या बाजारात, आणि हा घरच्या माळ्यावर बसून बंगळुरूच्याच दुसऱ्या एका कंपनीचं काम करणारा. त्याच्या शर्टाला सुक्या बोंबलाचा वास यायचा. तो तसाच बसायचा, अत्तर मारून यायच्या भानगडीत पडत नसे. इनेझला ते आवडलं. असं का आवडावं, याचा तिने विचार केला नाही.

त्यानंतर महिनाभर गिरीजची वीज एकदाही गेली नाही. तरी इनेझ रोज बेकरीत.

"तुमच्याकडे फार लोडशेडिंग दिसतं," जयवंत म्हणाला.

"फार. अर्नाळ्याला?"

"आमच्याकडे तर तारच नाही."

ती हसली नाही, फक्त आपला कप त्याच्याकडे सरकवला. त्याने त्यात बटर बुडवलं. तिच्या चहात. 'तुम्ही' कधीच मागे पडलं होतं. ऑस्करने एके दिवशी न मागता एक्स्टेंशन बोर्ड आणून टाकला – पाच प्लग, लांब वायर, दोघांनी दोन टोकांना बसावं इतकी सोय. दोघं त्याच टेबलाशी बसत राहिले. ऑस्करने काउंटरमागून ते पाहिलं आणि पावाच्या लाद्या मोजायला लागला. या ऑस्करचं आणखी एक काम होतं. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, म्हणजे मिस्सेनंतर, पॅरिशच्या सूचना वाचायचा मान त्याचा.

मग जयवंतला कंपनीचं पत्र आलं. एक डिसेंबरपासून बंगळुरूच्या ऑफिसात हजर व्हा.

"जाणार?" तिने कीबोर्डवरून नजर न उचलता विचारलं.

"इथे थांबून काय करू, सांग. काही अडलं तर विचारायला माणूस नाही. तिथे टपरीवर चहाला गेलं तरी चार कामाचे भेटतात."

"मी माणूस नाही?"

"तू एक झालीस. आपल्यासारखे दहा असते इथे, तर नसतो गेलो."

इथे इनेझने एक गोष्ट बोलायला हवी होती. ती दुसरीच बोलली. "दहा आणले तर?"

"आण."

तिने कंबर कसली. नालासोपाऱ्याच्या सोसायट्यांचे ग्रुप, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, विरारच्या भाड्याच्या घरांचे ग्रुप, जिथे शिरता येईल तिथे शिरून तिने लिहिलं: सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे इथे कुणी आहे का? एकाने विचारलं, ठाण्याला ठेवा ना. एकाने कुंडलीचं सॉफ्टवेअर विकायला काढलं. एका बाईने लिहिलं, माझा प्रिंटर चालत नाही, येता का?

जयवंतला ती दहातले किती झाले ते सांगत नव्हती. शून्य झाले होते.

सालोमी भाजी निवडता निवडता म्हणाली, "देवळात सांग ना. कुणाची गाय हरवली तरी मिस्सेनंतर सांगतात, आणि संध्याकाळपर्यंत सापडते."

"आई, मी गाय शोधत नाहीये."

"मग जे शोधते ते सांग."

हा टोमणा होता, आणि तो बसला. शनिवारी इनेझने चर्चचा हॉल मागून घेतला. रविवारी सकाळी मिस्सेला निघताना तिने ऑस्करला मेसेज टाकला – 'इनेझ रुमाव, गिरीज, आणि जयवंत मेहेर, अर्नाळा. आज दुपारी चार वाजता, पॅरिश हॉल. सर्वांना आमंत्रण.' हा मेळावा कसला, हे तिने दुसऱ्या मेसेजमध्ये लिहिलं. तो पोचायच्या आत ऑस्करने मिस्सेसाठी फोन बंद केला होता.

आता, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. लग्न ठरलं, की वसईतल्या चर्चमध्ये नवरानवरीची नावं गावांसकट तीन रविवार वाचतात. अमुक, गाव तमुक, आणि तमकी, गाव अमुक. मग शेवटी: यांच्या विवाहास कुणाची हरकत असल्यास फादरांना कळवावे. नोव्हेंबर हा लग्नांच्या तयारीचा महिना. त्या दिवशी तीन जोड्या होत्या. ऑस्करने तिन्ही वाचल्या, त्याच दमात, त्याच सुरात चौथी वाचली, आणि मग हरकतीचं वाक्य.

चर्चमध्ये माना वळल्या. वेदीपाशी फादर क्लेमेंटनी चष्मा काढून ऑस्करकडे पाहिलं. या जोडप्याचे कागद त्यांच्यासमोर कधी आलेच नव्हते.

सालोमीने लेकीच्या दंडाला चिमटा काढला. "मला सांगायला जीभ झडली होती?"

"आई, तसं नाहीये."

"मेहेर. म्हणजे कोळ्याचा. हिंदू." सालोमीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "दारू पितो?"

बाहेर इनेझने ऑस्करला गाठलं. तो ओशाळला नाही. "मला काय वाटणार? महिनाभर मी रोज बघतो. पाच प्लगचा बोर्ड दिला तरी तुम्ही हलत नाही. म्हटलं, ठरलं असेल."

दुपारी चारला हॉल भरला होता. मेळाव्याला नव्हे, नवरा बघायला. गिरीजच्या मावश्या आल्या, आत्या आल्या, कुणीतरी घरचा केक आणला. अर्नाळ्याहून विमलाबाई रिक्षाने आल्या, पाटीत चार पापलेटं घेऊन, आणि आल्या आल्या लेकावर तापल्या.

"बाजारात बाजूला बसते त्या ज्युलिएटने फोन करून सांगितलं मला. देवळात नाव वाचलं म्हनून. आईला सांगाया तुला कोन नाय भेटला?" मग इनेझकडे वळून, "हे घे पोरी. रिकाम्या हाती येनार होते का."

इनेझने पाटी घेतली.

जयवंत उठला. त्याने माईक हातात घेतला. कानांपर्यंत लाल झालेला, पण आवाज साफ. "एक गैरसमज झालाय. आमचं दोघांचं तसं काही नाही. आम्ही फक्त कम्प्युटरवर काम करतो. बाकी काहीही नाही."

हॉल हसला. इनेझ हसली नाही. 'बाकी काहीही नाही' हे तीन शब्द तिने मनात एकेक उचलून पाहिले आणि परत ठेवले. मग तिने माईक घेतला, कारण माणसं जमली होती आणि ती परत जाऊ द्यायची नव्हती.

"आलातच आहात, तर बसा. केकपण खाऊ. पण आधी सांगा, तुमच्यातलं किंवा तुमच्या घरातलं कोण कम्प्युटरवर काम करतं? कुणीही. नोकरी असो, नसो."

आधी एक हात वर आला, कळंबच्या एका मुलाचा. समुद्रावरच्या कॉटेजचं बुकिंग ज्या वेबसाइटवर होतं, ती त्याने बनवली होती. मग एका मावशीने आपल्या सुनेचा हात स्वतःच धरून वर केला. "ही रात्रभर अमेरिकेशी बोलते. आम्हाला वाटतं, भांडते." फुलपाड्याहून आईला सोडायला आलेली रिद्धी दाराशी उभी होती, तिने बिचकत सांगितलं की ती गेम बनवते, पण घरी कुणाला कळत नाही काय करते ते. तिच्या आईने मागे वळून तिच्याकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं. हात येत गेले. त्यांना कोपऱ्यात बसवलं, तर ते एकमेकांना तोच प्रश्न विचारायला लागले, जो जयवंतने तिला विचारला होता. मावश्यांनी त्यांना केक नेऊन दिला. कुणी उठेना. पिझ्झा यायची वाट बघायची नव्हती, कुणाला निघायची घाई नव्हती, सगळ्यांची घरं तिथून रिक्षाच्या अंतरावर.

साडेसहाला हॉल रिकामा झाला. बाहेरच्या अंगणात माणसं अजून रेंगाळत होती, विमलाबाई आणि सालोमी मासळीच्या भावावर बोलत होत्या. आत इनेझ आणि जयवंत प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होते.

"अकरा झाले," जयवंत म्हणाला. "मी दहाच मागितले होते."

"मग?"

"मग… जिंकलीस."

"पैज नव्हती ती." तिने खुर्ची आदळली. "माईकवर तू काय बोललास?"

"तुझ्यासाठीच बोललो. तुझ्या आईची मान खाली जायला नको. मी अर्नाळ्याचा, हिंदू, आणि नाव कुठे वाचलं, तर तुमच्या चर्चमध्ये—"

"माझ्या आईची मान माझी आई सांभाळते. ती तिकडे तुझ्या आईबरोबर पापलेटावर घासाघीस करतेय. माझ्या वतीने 'काहीही नाही' म्हणायला तुला कोणी सांगितलं? मला विचारलं होतंस?"

त्याने पुढची खुर्ची उचलली.

"ऐक. दोन वर्षं मी माणसं शोधत होते, ते खरं. पण या महिन्यात जी ग्रुपाग्रुपांत फिरले, ती तू जाऊ नयेस म्हणून. दहा काय, मी पन्नास आणले असते. मला सरळ बोलता आलं नाही, म्हणून मेळावा भरवला. आता बोलते. तू मला आवडतोस. त्या बोंबलाच्या वासासकट."

जयवंतच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. ओठांच्या कडेला हसू आलं, आणि मागोमाग भीतीही. "इनेझ… माझं पत्र, कंपनी… शिवाय फादर, बिशप, किती परवानग्या लागतील, तुला माहितीये?"

"सगळ्या माहितीयेत. त्याचं उत्तर मी मागत नाहीये."

दारात फादर क्लेमेंट येऊन उभे राहिले. "मुलांनो, पुढच्या रविवारी मला खुलासा वाचायला लावायचाय. नेमकं काय लिहायचं, ते आज सांगा. ऑस्करवर माझा भरवसा राहिलेला नाही." एवढं बोलून ते तिथेच थांबले.

इनेझने टेबलावरचा माईक उचलला आणि बटण दाबलं. अंगणातल्या स्पीकरमधून खरखर बाहेर गेली. बाहेरचं बोलणं थांबलं. विमलाबाईंचं, सालोमीचं, सगळ्यांचंच. तिने माईक जयवंतच्या तोंडासमोर धरला.

"नाही म्हणालास ते सगळ्यांसमोर. आता जे खरं आहे ते सगळ्यांसमोर सांग. मला ते 'बघू' नकोय, 'कळवतो' नकोय. तू जाणार की राहणार? आणि राहणार असशील, तर त्या अकरा जणांसाठी की माझ्यासाठी? बोल, जयवंत."