बुजवलेलं दार

थंडी पडायच्या आत घराची डागडुजी उरकायची, हा सूनबाईच्या नवऱ्याचा नेम. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला गळ टाकून बसायचा. याला घराचा होता. सुट्टीच्या दिवशी सकाळीच शिडी काढायची, पन्हळीतला पाचोळा उपसायचा, नळांचे वायसर बदलायचे, खिडक्यांच्या काचांभोवतीची जुनी पुट्टी उकरून नवी भरायची. मग मेणबत्ती पेटवून घरभर फिरायचं आणि ती प्रत्येक फटीपुढे धरायची. ज्योत हलली की हा म्हणायचा, "सापडला चोर." वारा म्हणजे चोर.

सूनबाईला घरात आणि आळीत सगळे सूनबाईच म्हणत. नवराही कौतुकात आला की तेच म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी स्वयंपाक आवरून जायची, दिवे लागायच्या सुमारास परतायची. मधला सगळा वेळ घरात एकट्या सासूबाई. त्यांच्या डोळ्यांची नस सुकत गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. सुनेच्या दुकानातला कुठलाच चष्मा त्यांच्या उपयोगाचा नव्हता, आणि यावर त्या स्वतःच हसायच्या. "तेल्याच्या घरी कोरडी भाकर," म्हणायच्या.

यंदा नवऱ्याच्या मेणबत्तीची ज्योत सर्वांत जास्त हलली ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी. दार जुनं, फुगून वाकडं झालेलं. बाहेर अरुंद बोळ, त्यात दोन्ही बाजूंनी घरांच्या नुसत्या पाठी. त्या दाराने या दोघांपैकी कुणी कधी ये-जा केली नव्हती. सासूबाईंची खुर्ची मात्र नेमकी त्याच्या समोर, आणि गेल्या थंडीत त्यांची छाती अशी भरली होती की रात्र-रात्र उशाशी बसावं लागलं होतं.

"हे दारच बुजवून टाकू," नवरा म्हणाला. "आईच्या छातीला आराम, आणि आतल्या बाजूने कोनाडा मिळेल. फळ्या ठोकल्या की तुझे डबे बसतील."

सूनबाईला डब्यांची कल्पना पटली. नंतर जे झालं त्यात ही गोष्ट तिला फार टोचत राहिली, की आपल्याला डब्यांची कल्पना पटली होती.

एवढंच तिने विचारलं, "आईंकडे दुपारी कोणी बाई येते ना त्या दाराने?"

येत असे खरी. सासूबाई सांगायच्या, दुपारी एकजण गप्पा मारायला येते, मागच्या मागे येते नि मागच्या मागे जाते. सुट्टीच्या दिवशी ती कधी दिसली नाही. "लाजाळू आहे गं. तुम्ही असलात की नाही येत." बरं वाटायचं सूनबाईला. म्हातारीला सोबत आहे.

"पुढच्या दाराने येईल," नवरा म्हणाला. "माणूसच आहे ना?"

गवंडीमामा आले त्या दिवशी सूनबाईने रजा टाकली होती. सासूबाईंना सकाळपासून कणकण होती, त्या आतल्या खोलीत झोपलेल्या. मामांनी दाराची फळी उतरवली आणि बोळात उभं राहून वीट रचायला घेतली. दुपारपर्यंत भिंत गळ्यापर्यंत आली. मग मामा पुढच्या दाराने फिरून आत आले आणि शेवटचे थर आतून चढवू लागले. सूनबाई बाहेरच्या खोलीत फळ्यांना पॉलिशपेपर मारत होती. तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आल्या.

"मामा, ती आत आहे हो अजून," त्या म्हणाल्या.

मामांना वाटलं, सुनेबद्दल विचारतायत. "हो आजी, आतच आहेत त्या," असं म्हणून त्यांनी शेवटची वीट बसवली आणि फटीत माल दाबला.

हे बोलणं सूनबाईला मामांनी नंतर सांगितलं. त्या वेळी तिने ऐकलं असतं, तरी तिने काय अर्थ लावला असता?

पहिले काही दिवस सुखाचे गेले. स्वयंपाकघर उबदार झालं. कोनाड्यात डबे ओळीने लागले. फक्त घरात एक वास यायला लागला. ओले कपडे न वाळवता गाठोड्यात बांधून ठेवले की येतो, तसा. सूनबाईने कपाटं उपसली, मोरी घासली, फरशीखाली उंदीर मेलाय का पाहिलं. वास गेला नाही, पण एका जागीही राहिला नाही. सकाळी स्वयंपाकघरात असायचा, संध्याकाळी बाहेरच्या खोलीत.

मग ओलीचे डाग आले. कोनाड्याच्या नव्या गिलाव्यावर खांद्याच्या उंचीला पहिला डाग होता. हाताच्या पंजाएवढा. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, उजव्या बाजूला सरकत गेलेले. रोज थोडे पुढे. स्वयंपाकघराची भिंत संपवून ते बाहेरच्या खोलीत वळले. खिडकी आली की चौकटीभोवती दाट व्हायचे, कपाट आलं की त्याच्या दारावर. पुढचं दार आलं, तिथेही चौकटभर उमटले, आणि तसेच पुढे गेले.

नवऱ्याने डागांवरून बोट फिरवलं, वास घेतला. "आपणच सगळ्या फटी बुजवल्या. आता आतली ओल बाहेर जाणार कुठून? हवा खेळायला हवी." त्याने खिडकीत पंखा बसवला. पंखा दिवसभर घरघरत राहिला. डाग पुढे सरकत राहिले.

सासूबाईंनी मात्र बोलणं टाकलं होतं. एरवी कामावरून आल्या-आल्या सुनेला दिवसभराच्या गोष्टी ऐकायला लागायच्या. आता त्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसायच्या. एका संध्याकाळी सूनबाई त्यांचे केस विंचरत होती, तेव्हा तिने विचारलं, "आई, तुमची ती मैत्रीण येत नाही का आता?"

सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "यायला गेली कुठेय ती..."

"म्हणजे?"

"दार बुजवलंत, तेव्हा आतच होती. आता ते सापडत नाही तिला."

सूनबाईच्या हातातला कंगवा थांबला. "मग... पुढचं दार आहे की, आई. उघडंच असतं."

"ते तिचं नाही. ज्या दाराने आली तेच तिला ठाऊक." सासूबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आधी बोलायची गं. आपल्या घरचं, लहान लेकरांचं सांगायची. आता बोलत नाही. हाताने चाचपत फिरते नुसती... दुपारी माझ्या तोंडावरून हात फिरवला."

"तुम्हाला स्वप्न पडलं असेल."

"गार होता. आधी कपाळ, मग नाक. मग ओठांवर आली, तिथे फट लागली तिला..." त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मिटल्या ओठांनीच म्हटलं, "मी तोंड उघडत नाही."

त्या रात्री सूनबाईने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "आईचं वय झालं. डोळ्यांना दिसत नाही, मन काहीतरी रचतं. डॉक्टरांची वेळ घेतो." आणि कूस बदलली. पण तो जागाच आहे, हे तिला कळत होतं. त्यांच्या खोलीच्या भिंतीवरही डाग पोचले होते. पलंगाच्या डोक्याशी.

पुढचे दोन-चार दिवस धुकं असं दाटलं की दिवसाही दिवे लावावे लागत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सूनबाई काचा पुसत बसली होती आणि तिच्या मनात सारखं एकच येत होतं. ओठांवर फट लागली तिला. शेवटी मालकांना सांगून ती भर दुपारीच निघाली.

घराचं दार लोटलं आणि तो वास अंगावर आला. वीज गेलेली होती, पंखा बंद. खिडक्यांतून धुक्याचा मळकट उजेड येत होता.

"आई?"

आतून आवाज येत होता. सरर्... थप. सरर्... थप. भिंतीवरून ओला तळवा सरकवत न्यावा आणि टेकवावा, तसा. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि आवाज थांबला.

सासूबाई खुर्चीत होत्या. दोन्ही तळव्यांनी त्यांनी स्वतःचं तोंड आणि नाक दाबून धरलं होतं, इतक्या जोराने की बोटांची पेरं पांढरी पडली होती. डोळे विस्फारलेले, मान मागे गेलेली, चेहरा निळसर. गाल, कपाळ, गळा, सगळं ओलं. सूनबाईने धावत जाऊन त्यांचे हात ओढले. ते सुटेनात. छाती आतल्या आत उसळत होती. आणि सुनेच्या डोळ्यांदेखत सासूबाईंच्या पंजाच्या कडेची कातडी दबली, जणू कुणीतरी तिथे बोटं घालून पंजा उचकटू पाहत होतं.

सूनबाई किंचाळली नाही. तिला नंतर याचंच नवल वाटायचं. तिच्या तोंडून शब्द निघाले ते असे, जसे दुकानात एखाद्या उतावळ्या गिऱ्हाइकाशी बोलावे. "थांबा. त्यांना सोडा... मी उघडते तुम्हाला दार."

कातडी सैल झाली. सासूबाईंनी हात काढले नाहीत, पण बोटांमधून एक बारीक श्वास आत गेल्याचा आवाज आला.

नवऱ्याची अवजारांची पेटी ओट्याखाली होती. हातोडा नि छिन्नी घेऊन ती कोनाड्यापाशी आली. डबे तिने हातानेच खाली लोटले. झाकणं उडाली, पीठ पसरलं. फळ्या उचकटल्या. गिलावा अजून पुरता सुकला नव्हता, तो ढपल्याढपल्यांनी गळू लागला. वीट मात्र हटेना. ती घाव घालत राहिली आणि तिला जाणवत राहिलं की पाठीमागे कोणीतरी येऊन उभं आहे. अगदी जवळ. श्वासाचा आवाज नाही, कपड्याची सळसळ नाही. फक्त मानेवर गारवा, आणि पिठावर टपटपणारं पाणी.

"होतंय," ती म्हणाली. "होतंय हो... थोडं थांबा."

एक गार तळवा तिच्या डोक्यावरून खाली आला. केस, कान, मान. थांबला. पुन्हा कानाशी गेला. एक बोट कानाच्या भोकाभोवती हळूहळू फिरलं.

सूनबाईने डोळे मिटून घाव घातला. वीट पलीकडे खचली, पुढच्या घावाला बोळात पडली. वीतभर भोकातून धुकं आत आलं.

कानावरचा हात निघाला. मग तिच्या खांद्याला घासून, मानेला, गालाला घासून काहीतरी गेलं. ओल्या गोधडीसारखं जड, लांबच लांब, जाता सरेना. ते त्या एवढ्याशा भोकातून जात असताना विटा करकरल्या. मग सगळं शांत झालं. वास नव्हता. सासूबाईंचे हात मांडीवर पडले होते आणि त्या तोंड उघडून मोठमोठ्याने श्वास घेत होत्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "गेली गं."

सूनबाई तिथेच पिठात बसली आणि मग तिला रडू फुटलं.

फोन केल्यावर नवरा अर्ध्या तासात आला. पडलेले डबे, भिंतीचं भोक, आईच्या चेहऱ्यावरचे वळ, सगळं त्याने पाहिलं. गवंडीमामांना तो स्वतः जाऊन घेऊन आला. "पूर्ण काढा," म्हणाला. "दार परत बसवू. थंडी आली तर आली."

मामांनी उजेड होता तेवढ्यात भिंत उतरवली. विटा आत घेऊन ते ओट्याशेजारी रचत होते. खालचे थर काढताना ते जरा थबकले, एक वीट हातात फिरवून पाहिली, मग दुसरी. मग नवऱ्याला हाक मारली.

"साहेब, ही बाहेरची बाजू. बोळाकडची."

बोळाकडून गिलावा केलेलाच नव्हता. उघड्या विटांवर पंजे उमटले होते. ओले, ताजे, एकावर एक, वीटही दिसू नये इतके. सगळे गुडघ्याच्या खाली. सगळे बशीच्या खोलगट भागात मावतील एवढेसे.

"पोरं खेळत असतील बोळात," नवरा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

मामांनी नळाखाली हात कोपरापर्यंत धुतले, अवजारं गोळा केली आणि पुढच्या दाराने निघून गेले. दाराची जुनी फळी सुतार उद्या बसवणार होता. तोवर ती मोकळी चौकट तशीच राहिली, तिच्यापलीकडे धुकं.

"सूनबाई," सासूबाईंनी हाक मारली.

ती वळली. सासूबाईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले होते आणि लुगडं घोट्यांभोवती आवरून धरलं होतं. त्यांची न दिसणारी नजर फरशीवरून इकडून तिकडे फिरत होती, एकाच जागी ठरत नव्हती.

"हलू नकोस एकदम," त्या कुजबुजल्या. "जपून टाक गं पाय... खाली."