चांद्याची बाजू

आमच्या बैलाला 'अहो' म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

एकाहत्तर सालचा पौष. सकाळी न्याहारी घेऊन मळ्यात गेले, तर विहिरीजवळ एक उंचापुरा तरुण उभा. अंगावर कोरं धोतर, तेही कुणीतरी घाईत गुंडाळल्यासारखं, आणि पायांत चकचकीत बूट. समोर बाभळीला बांधलेला आमचा चांद्या. "अहो, जरा मागं या ना," तो अगदी अजिजीनं म्हणत होता. चांद्या त्याच्याकडे बघत निवांत रवंथ करत होता.

मला हसू आवरेना. "आधी सोडा तरी त्याला," मी म्हणाले. "बांधलेला बैल कुटवर यील मागं?"

तो दचकून वळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "माफ करा... काय म्हणायचं असतं यांना?"

"चांद्या. कपाळावर चंद्र हाय त्याच्या."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला काय म्हनायला पायजे? मळा आमचा हाय. तुमी कोन?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो थांबला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग तो हसला... फार सुरेख हसला, खोटं कशाला बोलू. "कुणी नाही," म्हणाला, "अजून तरी."

दुपारपर्यंत मला सगळं कळलं. मुळा नदीच्या काठच्या आमच्या गावात सिनेमाची कंपनी येणार, हे महिनाभर गाजतच होतं. सगळेजण राहुरीला डाक बंगल्यात उतरले होते, आणि हा होता त्यांचा हिरो. राधाकृष्ण सरंजामे. आजोबा मूकपटांतले आणि वडील आबासाहेब सरंजामे. आबासाहेबांचा फोटो आमच्या गावच्या केशकर्तनालयात देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला होता, आता बोला. पोराचे मात्र दोन सिनेमे आले आणि आठवड्याच्या आत गेले. पोस्टरवर 'नटश्रेष्ठ आबासाहेब सरंजामे यांचे चिरंजीव' हे लांबूनसुद्धा वाचता येईल असं, आणि त्याखाली त्याचं स्वतःचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत. आडनाव खुंटीला टांगलंय, आत माणूस दिसत नाही, असं एका पेपरानं लिहिलं होतं. ते वाक्य त्यानं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पाठच झालं होतं त्याला.

हा सिनेमा शेतकऱ्याचा होता, आणि त्यात आख्खं एक गाणं मोटेवर. तोवर बहुतेक विहिरींवर इंजिनं नाहीतर मोटारी आल्या होत्या. इंजिन आमच्याही विहिरीवर होतं, पण मोट काढून टाकायला दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव होत नव्हता. म्हणून कंपनी आमच्याकडे आली. मोट हाकायची ती गावातल्या कानिफनाथनं, पाठमोऱ्यानं, आणि हिरोचा चेहरा नंतर वेगळा घ्यायचा, असं दिग्दर्शकानं ठरवलं होतं. आबासाहेबांनीही त्याला मान डोलावली होती.

"मला ते नकोय," राधाकृष्ण म्हणाला. "हा सिनेमा पडला की मी पुण्याच्या आमच्या थिएटरच्या कचेरीत जाऊन बसायचं, हे घरात ठरलंय. पडायचंच असेल तर निदान माझ्या हातानं पडू दे. आठ दिवस आहेत... तुमचे वडील शिकवतील का मला?"

"दादांचा पाय मोडला त्याला दोन वर्सं झाली," मी म्हणाले. "मोट मी हाकते."

हे कुणाला सांगायचं नव्हतं. पोरगी मोट हाकते म्हटल्यावर स्थळं कशी येणार, म्हणून आईनं गावभर गडी ठेवल्याचं सांगितलं होतं. दोन वर्षं मी तोंडातून ब्र काढला नव्हता, आणि या बूटवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून बसले. का, ते तेव्हा माझं मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो उजाडताच यायला लागला. दादा बाभळीखाली घोंगडीवर पाय लांब करून बसायचे. गुरूही तेच आणि राखणदारही तेच.

पहिला धडा दादांनीच दिला. चांद्या उजवीकडं, हौश्या डावीकडं. वासरं असल्यापासून एकमेकांशेजारी चाललेली जोडी ती, आणि याच बाजूंनी. "बाजू बदलली की मातीत गेलं सारं," दादा म्हणाले. "शेजारी कोन हाय आन् कुटल्या अंगाला हाय, ते बैलाला लागतंय."

मग मी त्याला धावेवर नेलं. धाव म्हणजे विहिरीपासून खाली जाणारा उतार. बैल उतार उतरतात, मोट पाणी घेऊन वर येते आणि विहिरीच्या काठच्या कुंडात, थारोळ्यात, रिकामी होते. उतरताना नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसायचं, म्हणजे आपल्या वजनानं बैलांचा भार हलका होतो. एवढं कुणालाही जमतं. खरं कसब पुढं असतं. मोट पुन्हा विहिरीत सोडायला बैलांनी उलट्या पावलांनी उतार चढायचा असतो. मागचं काही दिसत नाही त्यांना. समोरच्या माणसाच्या आवाजावर भरवसा ठेवून ते चढतात, आणि मारून-झोडून काही होत नाही.

पहिल्याच फेरीला स्वारी नाड्यावरून घसरली ती सरळ चिखलात. दादांनी तोंडावर उपरणं धरलं. मी मात्र खुशाल हसले.

"हसा," चिखल पुसत तो म्हणाला. "लोक तिकीट काढून हसत नाहीत मला, तुम्ही फुकट तरी हसा."

तिसऱ्या दिवशी त्याच्या तळव्यांना फोड आले. मी तेलात हळद कालवून लावत होते... आणि दादा नेमके तेव्हाच आभाळाकडे बघत बसले. आभाळात एक ढग नव्हता. त्याचा हात माझ्या हातात होता, आणि हळद लावून झाली तरी मी तो सोडला नाही.

"तुमचा आवाज ऐकला की चांद्या शहाण्यासारखा वागतो," तो हळूच म्हणाला. "मीसुद्धा."

"मग तुमालाबी उलट्या पावलानं चढ चढायला लावीन."

"लावा की... मी नाही कुठं म्हणतोय?"

मी हळदीची वाटी उचलली आणि उगाच घासायला गेले. हळद तर अजून वाटीत शिल्लक होती.

पाचव्या दिवशी हुरडा भाजला. जवसाच्या चटणीशी खाताना त्याचे नाक-डोळे गळायला लागले, तरी मूठ पुढंच. सहाव्या दिवशी त्यानं बूट काढले आणि अनवाणी धावेवर उतरला. "चांद्या, ये बाळा... ये मागं," असं म्हणाला, ओरडला नाही, चुचकारलं फक्त, आणि माझे दोन्ही बैल एक-एक पाऊल मागं सरकत त्याच्यासाठी चढ चढले. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. म्हटलं, धूर गेला डोळ्यात. चूल तर घरी होती.

गाण्याच्या दिवशी गाव लोटलं. राहुरीहून लोक ट्रकनं आले. खुर्चीवर खुद्द आबासाहेब, पांढरंशुभ्र धोतर, डोळ्याला काळा चष्मा. मी बायकांच्या घोळक्यात आईशेजारी उभी होते. राधाकृष्ण तोंडाला रंग लावून आला, तोवर बैल जुंपून झाले होते. गर्दीतून कुठला बैल कुठल्या अंगाला आहे ते मला दिसत नव्हतं, आणि लांब बाभळीखाली बसलेल्या दादांनाही.

पहिला शॉट. बैल पाऊल उचलेनात. दुसरा. चार पावलं गेले आणि हौश्यानं मान झटकून जोखड वाकडं केलं, मोट अर्ध्यावर लटकली. तिसऱ्याला चांद्या चक्क खाली बसला. लोक हसायला लागले. दिग्दर्शकानं घाम पुसला. आबासाहेब खुर्चीतून म्हणाले, "पुरे. त्या कानिफनाथला बोलवा." आवाज चढला नव्हता, पण सगळ्या मळ्यात ऐकू गेला.

कानिफनाथ फेटा सारखा करत पुढं आला. 

राधाकृष्ण तसाच उभा होता. मग त्यानं वाकून चांद्याच्या कपाळावर हात ठेवला... आणि तो हात तिथंच थांबला. त्यानं चांद्याकडे पाहिलं, हौश्याकडे पाहिलं, आणि ताठ झाला.

"बैल कुणी बदलले?" त्यानं विचारलं.

दिग्दर्शक म्हणाले, त्यांनीच. कपाळावर चंद्र असलेला बैल देखणा, तो कॅमेऱ्याच्या बाजूला हवा, म्हणून सकाळी त्यांनी जोडी उलटी जुंपून घेतली होती. एवढं काय त्यात, दोन्ही बैलच ना?

"चांद्या उजवीकडचा आहे. तो डावीकडं चालणार नाही."

"अरे, पण मग तो दिसणार नाही फ्रेममध्ये..."

"तर कॅमेरा पलीकडं न्या."

 पलीकडं ऊन तोंडावर, कॅमेऱ्याच्या गाडीचे रूळ उखडून पुन्हा मांडायचे, दोन तासांचं काम. आबासाहेबांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी," ते म्हणाले. "कॅमेरा कुठं ठेवायचा, हे मी कधी दिग्दर्शकाला सांगितलं नाही."

"तुम्ही कधी मोटही हाकली नाहीत, आबा."

माझ्या शेजारच्या बायडाबाईनं पदर दातात धरला. आबासाहेब मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आणि तू हाकलीस? कुणी शिकवली?"

 राधाकृष्णनं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भर गावात माझं नाव निघू नये म्हणून तो ओठ मिटून उभा होता, वडिलांपुढं खोटा ठरायला तयार होता. ते पाहिलं आणि त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस मला हवाय. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी ते सोडवलं.

"मी शिकवली," मी पुढं होऊन म्हणाले. "दोन वर्सं झाली, ही मोट मीच हाकते. गडी-बिडी कोन न्हाई. आन् त्यांना येतीया. बैलं सरळ जुपा आन् मग बगा."

गाव माझ्याकडे बघत होतं. बघू दे, म्हटलं.

आबासाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. "रूळ उखडा," ते म्हणाले.

दोन तासांनी चांद्या उजवीकडं होता, हौश्या डावीकडं. राधाकृष्ण अनवाणी धावेवर उतरला, नाड्यावर बसला, आणि बैल उतारावरून निघाले. मोट वर आली आणि धो धो थारोळ्यात कोसळली. मग तो समोर उभा राहिला, हात पुढं केले, ओठांवर गाणं होतं की नुसतं चुचकारणं, कुणास ठाऊक. बैल मागं मागं चढले. दुसरी मोट... तिसरी... पाचवी. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरले. कॅमेऱ्यातली फिल्म संपली तरी हा हाकतोच आहे. पाट भरून गव्हाच्या वाफ्यात पाणी शिरलं, आणि एवढं गाव, शिट्ट्या वाजवणारं, पहिल्यांदा गप उभं राहून बघत होतं. मग दादांनी टाळी वाजवली आणि मळा दणाणला.

आबासाहेब उठले. चपला काढून थारोळ्याशी गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग त्यांनी मुलाचा तळहात उलटून त्यावरचे घट्टे बघितले. आणि दिग्दर्शकाला म्हणाले, "पोस्टरवर माझं नाव घालू नका. गर्दी होईल उगाच."

कंपनी गेली. जाताना तो म्हणाला, "परत येईन."

"सिनेमावाली मानसं असंच म्हनत्यात."

"मग चांद्याला विचारा. त्याला फसवलंय का मी कधी?"

दिवाळीपर्यंत पत्रं येत राहिली. दादांच्या नावानं, बैलांची खुशाली विचारणारी. बैलांची खुशाली मीच कळवायची, आणि बरीच सविस्तर कळवायची. गावात कुजबुज झाली. एक स्थळ आलं, आणि मोटेचं ऐकून परत गेलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पण मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही.

दिवाळीत सिनेमा लागला. आम्ही सगळे नगरला गेलो. थिएटरवर दोन पुरुष उंचीचं पोस्टर, धावेवर अनवाणी उभा असलेला तो, मागं चांद्याचा चंद्र, आणि खाली एकच नाव. राधाकृष्ण. आडनावसुद्धा नाही. आत मोटेचं गाणं लागलं तसा पैशांचा पाऊस पडला पडद्यावर, आणि आमचे दादा पाय विसरून उभे राहिले नि ओरडले, "बैल माजे हायेत ते!" सिनेमा पंचवीस आठवडे चालला. त्या पेपरानं लिहिलं, सरंजाम्यांच्या घरात नवा माणूस जन्माला आलाय.

दुसऱ्या पौषात एका सकाळी मी मळ्यात गेले, तर बाभळीखाली घोंगडीवर दादा आणि आबासाहेब शेजारी शेजारी बसून हुरडा खात होते. धावेवर तो. अनवाणी. चांद्याचं दावं सोडलेलं होतं, या वेळी आधी.

"कोन तुमी?" मी विचारलं. 

"आता सांगता येईल," तो म्हणाला. "पण त्याआधी एक विचारायचंय. मी रोज मुंबईत उठतो आणि माझ्या शेजारची जागा मोकळी आहे, हे मला लागतं, मालन. तुझी बाजू कुठली?"

पाट झुळझुळत होता. दोघे म्हातारे आभाळाकडे बघत होते, आणि याही वेळी आभाळात ढग नव्हता.

मी धाव उतरले आणि त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले.

"ही," मी म्हणाले. "आन् एकदा ठरली की बदलायची न्हाई."