पिवळं फाटक

चाळीस घरं, चाळीस फाटकं आणि सगळी एकाच चॉकलेटी रंगाची! लोहाऱ्याच्या त्या नव्या लेआउटमध्ये आपलं घर ओळखायचं म्हणजे कळपात आपलं मेंढरू शोधायचं. म्हणून तर त्या दुपारी जया बी.एड. कॉलेजातून आली, तेव्हा घराला कुलूप आणि तिची याडी, म्हणजे आई, शेजारच्या घरात दिवाणावर ढाराढूर!

बाजूला एक उंच पोरगा हातात कपबशी धरून अवघडून उभा.

"उठवू का नको, समजूनच नाही राह्यलं," तो कुजबुजला. "आल्या, पंखा लावला, झोपल्या. मी ओम. हे... माझं घर आहे."

जयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी त्याच्या गालावरची खळी तिला दिसलीच!

मग हे सारखंच व्हायला लागलं. दोन्ही घरांना एकच भिंत, ओम अंगणातून हाक मारायचा, "मॅडम, तुमची याडी माझ्याकडं जमा आहे!"

"चहा पाजू नका, सवय लागंल!"

"लागू द्या नं! तुमी काहून जळून राह्यल्या?"

पण याडी, जमनाबाई, हसत नव्हती. एकदा ती पार शेवटच्या गल्लीतल्या घरात शिरली आणि तिथल्या बाईनं तिला चोर समजून हाकललं. त्या दिवशी ती जेवलीच नाही.

"तांड्यात डोळे मिटून माझं दार सापडे मले," ती म्हणाली. "रविवारी चालली मी घाटंजीले, आपल्या तांड्यावर."

याडी गेली की भाड्याचं घर सुटणार, जया वसतिगृहात. आणि अंगणातली ती हाक...? तिनं हे ओमला सांगितलं. तो नुसता फाटकांकडं बघत आत निघून गेला. मेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं फाटक झेंडूसारखं पिवळंधमक!

"याडीले सांगा, पिवळ्या फाटकाच्या बाजूचं घर आपलं," तो हात पुसत म्हणाला. "तुमचं फाटक रंगवायचा मले हक्क नाही... अजून."

त्या 'अजून'वर जया लाजून घरात पळाली.

संध्याकाळी सोसायटीचे सचिव किसनराव आलेच. "जोडघरांची फाटकं एकसारखीच पाहिजे, हा नियम आहे! शनिवारपर्यंत चॉकलेटी कर."

शनिवारी ओम पडेल चेहऱ्यानं चॉकलेटी डबा उघडत होता, तेवढ्यात जया ब्रश घेऊन समोर उभी.

"पिवळा उरला का?"

"कायले?"

"दोन्ही एकसारखी पाहिजे नं? मग माझंच बदलते."

ओमनं पिवळा डबा पुढं केला. "जया... तू फाटकाचंच बोलून राह्यली नं?"

"फाटकाचंबी," ती म्हणाली, आणि ब्रश डब्यात बुडवताना नाकाला लागलेला रंग पुसायचंही विसरली.

रविवारी जमनाबाई पिशवी घेऊन निघाली, पण तांड्याकडं नाही, भाजीला. परत येताना कोपऱ्यावरूनच तिला दोन पिवळी फाटकं दिसली. ती तरातरा आली आणि थेट ओमच्या घरात शिरली.

"याडी! आपलं घर तिकडं!"

जमनाबाईनं पंखा लावला, दिवाणावर ऐसपैस बसली.

"माहीत आहे वं मले. सगळंच माहीत आहे," ती म्हणाली. "पोरा, चहा टाक. तीन कप."